वीस भागिले दोन

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर लाल दिवा लागला आणि कस्तुरीने कपाळावर हात मारला.

"परत तंटा! बाप्पा, काय करू मी हिचं?"

अकोल्यातली तिची शाळा आणि चंद्रावरच्या वस्तीतली शाळा मिळून चांद्रगाडीचा प्रोग्रॅम लिहीत होत्या. त्यासाठी दोघींची सामाईक 'आवृत्तीकोठी' उभारली होती कस्तुरीने, तीही नववीत असताना! काहीही बदला, जुनी आवृत्ती कोठीत जपलेली असायची, बदलणाऱ्याच्या नावासकट. मात्र एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने बदलली, की कोठी अडून बसायची. हा तंटा. मग त्या दोघांना थेट बोलायला वाट उघडायची आणि दोघांनी 'मान्य' म्हटलं की मिटायची. नियम कस्तुरीचाच. शिवाय कोठीची मालकीण म्हणून तिने स्वतःपुरतं एक बटणही ठेवलं होतं : 'माझंच खरं'. ते दाबलं की चर्चा बंद!

"मॅडम, निलाक्षीचा लिहायचा हक्कच काढून टाकते मी," ती संगणकाच्या ढोरे मॅडमना म्हणाली. "आज संध्याकाळी प्रोग्रॅम गाडीत भरायचाय आणि ही रोज माझीच वेगाची ओळ कुरतडते. एका बाकावर बसायचो आम्ही! चंद्रावर राहायला गेली आणि साधा एक निरोप नाही. शिष्ट कुठली!"

"काढ की. पण तिने बदललंय काय?"

"मी बघतच नाही. 'माझंच खरं' दाबते."

"रोज?"

"...रोज."

मॅडमनी नुसत्या भुवया उंचावल्या. कस्तुरीने नाइलाजाने जुन्या आवृत्त्या उघडल्या. तिने वेग लिहिला होता दहा. निलाक्षीने केलं होतं पाच अधिक पाच. मग बारा वजा दोन. आज, वीस भागिले दोन.

"हे तर सगळं दहाच आहे! मग तंटा काहून?"

"कोठीला अर्थ कुठे कळतो? ती फक्त अक्षरं ताडून पाहते. अक्षरं वेगळी, की तंटा."

"पण दहाचे दहाच ठेवायचे, तर बदलायचं कशाला?"

"वस्तीतल्या मुलांना इकडे बोलायला कितीसा वेळ मिळतो गं?"

"जेमतेम. तोही घरच्यांशीच. बाकी सगळ्या वाटा कामासाठी राखीव."

"आणि तंटा झाला तर?"

"तंटा म्हणजे कामच, त्यामुळे लगेच वाट उघड..."

म्हणजे निलाक्षी रोज दार वाजवत होती, आणि ती रोज ते तिच्या तोंडावर आपटत होती!

हक्क काढायच्या बटणावरचं बोट तिने झटकन उचललं आणि बोलायची वाट उघडली.

"निलू?"

आवाज चंद्रावर जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. ते काही केल्या सरेनात.

"अगं म्हशे!" निलाक्षी हसत होती की रडत, कोण जाणे. "उघडलंस एकदाचं! माझं गणित संपत आलं होतं!"

"तुझं गणित सुरू कधी झालं होतं?"

एका दहासाठी दोघी दुपारभर भांडल्या. प्रोग्रॅम भरायची वेळ झाली तेव्हा कुठे दोघींनी 'मान्य' दाबलं. दिवा विझला. वाट मिटली. दहाचा वेग घेऊन प्रोग्रॅम गाडीत गेला.

"मिटला बाई तंटा," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "आता त्या ओळीला हात लावू नकोस."

"मुळीच नाही, मॅडम."

आणि खरंच, त्या ओळीला तिने हात लावला नाही. तिने निलाक्षीची ब्रेकची ओळ शोधून काढली. तिथे होतं : चार. कस्तुरीने ते खोडून लिहिलं : दोन अधिक दोन.

चंद्रावर लाल दिवा लागायला सव्वा सेकंद पुरतो.