डोमाच्या गिटारची मान

वाचून हसायचं असेल तर हसा. पण हे घडलेलं आहे. ज्यांच्या घरात घडलं, ती दोघंही अजून आहेत. केवळराम म्हणजे माझा सख्खा मामा आणि तुळसा माझी मामी.

साल १९८४. दिवाळी नुकतीच झाली होती. गाव सिहोरा, तालुका तुमसर.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

मामा दिवसा धानाच्या गिरणीवर कामाला जायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरली की ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. त्याच्या आधी त्या पार्टीत डोमा नावाचा माणूस बेस वाजवायचा. एका कार्यक्रमानंतर तो मांडवातच झोपला आणि मण्यार चावून मेला.

तुळसा ही डोमाची बायको. वर्ष उलटल्यावर तिनं मामाशी पाट लावला.

मामाला जागा डोमाची मिळाली. बायकोही डोमाची मिळाली. लोक तोंडावर बोलायचे, "वाजवते चांगला. पण डोमा तो डोमाच."

तुळसा मात्र डोमाचं नाव कधीच काढायची नाही. मामाला तेच जास्त टोचायचं. नाव घेतलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी पार्टीच्या मालकानं मामा वाजवायचा ती गिटार विकून टाकली. मंडई तोंडावर आलेली. तेव्हा मामानं चुलीवरच्या माळ्यावरून डोमाची गिटार खाली काढली. तुळसानं येताना आणलेली, लुगड्यात गुंडाळून ठेवलेली.

तुळसा पाहत होती. म्हणाली, "ते राहू द्या. दुसरी पाहा."

"काहून? त्याची हाय म्हणून?"

ती चूल फुंकायला गेली.

गिटारची मान वाकली होती. तारा इतक्या वर उचललेल्या की बोटानं दाबता दाबेनात. मामानं ती सायकलला बांधली आणि तुमसरला दादाजींकडे नेली. दादाजी बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे.

त्यांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. "धनुष्य झालं गा याचं. तारा ताणलेल्या, अन् खाली चूल. लाकूड वाकल नाही त काय करल?"

मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तिचा नट गंजला होता. दादाजींनी तेल सोडलं, नट थोडा थोडा पिळला. मान सरळ झाली. मामानं दुकानातच वाजवून पाहिलं. सूर अगदी स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी गिरणीवरून आला, गिटार हातात घेतली...

मान पुन्हा वाकलेली.

"तू हात लावला," मामा तुळसाला म्हणाला.

"म्या नाही लावला."

"मग कोण लावला?"

ती घागर घेऊन पाण्याला गेली.

मामा पुन्हा दादाजींकडे गेला. ते म्हणाले, "नुसत्या सळईच्या भरवशावर राहू नको. तारा काढ. मानेले सागाची सरळ पट्टी लाव, शिकंज्यात कस, अन् घरीच पडू दे. हलवू नको."

मामानं तसंच केलं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाकावर गिटार शिकंज्यात आवळली. काढलेल्या तारांचं वेटोळं करून स्वतःच्या खिशात ठेवलं. तुळसाच्या हाती लागायला नको म्हणून.

मग ती दुपार आली.

गावातली लाइट गेली. गिरणी बंद पडली. मामा लवकर घरी निघाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुत्रीसुद्धा नव्हती.

फाटकाशी पोचला, तर...

धुम्... धुम्... धुम्...

खोल आवाज. कानापेक्षा छातीत जास्त वाजणारा.

मामानं खिसा चाचपला. तारा खिशातच होत्या.

धुम्... धुम्...

तो सपरीत शिरला. गिटार बाकावर तशीच. शिकंजा घट्ट. एकही तार नाही. त्यानं लाकडावर तळहात ठेवला...

लाकूड थरथरत होतं.

आत स्वयंपाकघरात तुळसा तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर, डोळे मिटलेले. तिच्या पायाचा अंगठा त्या ठेक्यावर हलत होता. चेहरा असा, की मामानं तो आपल्या संसारात कधी पाहिलाच नव्हता.

"ऐकू येते तुले?" त्यानं विचारलं.

आवाज थांबला.

तिनं डोळे उघडले. घाबरली नव्हती. "येते. रोजच येते. तुम्ही कामाले गेले की."

"अन् मले सांगितलं काहून नाही?"

 तुळसा खाली पाहून म्हणाली, "तुम्ही बंद केलं असतं."

मामा मला सांगत होता, भीती त्याला तेव्हा वाटलीच नाही. जीव जळाला. मेलेल्या माणसावर हात कसा उचलायचा?

त्यानं गिटार शिकंज्यासकट उचलली. बालाघाटकडची एक पार्टी तुमसरला उतरली होती, त्यांना देऊन टाकली. त्या मंडईत तो वाजवायला गेलाच नाही.

तुळसा रडली नाही की भांडली नाही. रात्री ताट वाढलं, पाणी दिलं. मामाला वाटलं, सुटलो.

धान कापणी सुरू झाली. एका दुपारी मामा गिरणीवरून शेतावर निघाला आणि विळा विसरला म्हणून घरी परतला. दार आतून लावलेलं.

आत तुळसा बोलत होती. हळू आवाजात. मध्येच थांबायची... कुणीतरी काही सांगत असल्यासारखी... मग पुन्हा बोलायची.

मामानं कान लावला. दुसरा आवाज नव्हता.

मग ती हसली. मोकळी, पोटभर.

मामानं दार वाजवलं नाही. पाय न वाजवता मागे फिरला आणि संध्याकाळपर्यंत तलावाच्या पाळीवर बसून राहिला.

याला आता किती वर्षं झाली. मी मागच्या उन्हाळ्यात सिहोऱ्याला गेलो होतो. मामा चहाच्या टपरीवर भेटला. मी धीर करून विचारलं, "मामा, आता तर काही ऐकू येत नाही ना?"

त्यानं कप खाली ठेवला.

"मले काय मालूम," तो म्हणाला. "मी दुपारी घरी राहतच नाही."

मामीनं जेवायला बोलावलं होतं. दुपारचे बारा वाजत आले होते.

मी बसस्टँडवर जाऊन बसलो.