मागच्या बटा

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या डोक्यावर हे सगळं घडलं, ती माझी सख्खी मामेबहीण आहे. तिने मला हे समोर बसून सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाठ केली नाही.

खोटं वाटलं तर सोडून द्या. मलाही ते खोटंच वाटायला हवं आहे.

सुरुवात झाली एका शुक्रवारच्या संध्याकाळी. भाड्याचं घर, दुसरा मजला, खाली रंगाचं दुकान. झोपायच्या खोलीत खिडकीला लागून आरशाचं टेबल. नवरा-बायकोला तिथे राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते.

घरात आम्ही तिला सुतळी म्हणतो. केसच तसे. वारा सुटो, वादळ येवो, एक केस वाकडा व्हायचा नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, ही बाई दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते आणि शनिवारी एका वाद्यवृंदात जुनी गाणी गाते. गाणी जुनी, पोशाख जुने, मग केसही जुन्या काळातल्यासारखे हवेत. कपाळापासून खांद्यापर्यंत नुसत्या लाटा.

हे सगळं ती घरीच करायची. केस धुवायचे, ओलसर असतानाच जवसाचं जेल चोपडायचं. मग एकेक बट बोटाभोवती गुंडाळायची, ते वेटोळं डोक्याला चपटं लावायचं आणि वर दोन पिना फुलीसारख्या खोचायच्या. डोकं भरलं की रुमाल बांधून झोपायचं. सकाळी खडखडीत वाळलेले केस सोडायचे, ब्रश फिरवायचा. आत जरा ओल राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

पण खरी मेख वेगळीच. लाट हवी असेल तर एका ओळीतली वेटोळी उजवीकडे वळवायची आणि खालच्या ओळीतली डावीकडे. पुढे आरसा असतो, जमून जातं. मागे सगळा आंधळा कारभार. सुतळी मागच्या बटा कशातरी एकाच बाजूला वळवायची आणि शनिवारी वर मोठी रिबन बांधून अब्रू झाकायची.

त्या शनिवारी सकाळी तिने रुमाल सोडला. पिना काढल्या. ब्रश फिरवला. सवयीने रिबन घेतली, मागे हात नेला, आणि...

बोटं थांबली.

तिने हातातला छोटा आरसा मागे धरून मोठ्या आरशात पाहिलं. मानेवरून केसांची लाट उतरली होती. एकसारखी, खोल, कुठे खंड नाही. तिने स्वतः कधीच घातली नव्हती अशी.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घाबरलो असतो? छे! हिने केलं तेच केलं असतं. स्वतःची पाठ थोपटून घेतली. 'बसला एकदाचा हात,' असं मनाशी म्हणाली आणि रिबन ड्रॉवरमध्ये टाकून कार्यक्रमाला गेली. ॲकॉर्डियनवाल्याने विचारलं, "मागून कोणी करून दिलं?"

"मीच केलं, कोण करणार?"

पुढच्या शनिवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही.

मग एका सकाळी चादर बदलताना तिला नवऱ्याच्या उशीखाली एक आकडा सापडला.

आकडा म्हणजे जुन्या बायका अंबाड्यात खोचतात तो, दोन पायांचा. हिच्या पिना काळ्या, चपट्या. आकडे हिच्या घरात कधी आलेच नव्हते. हा जाड होता. तपकिरी रंग टोकांना झिजून गेलेला. कोणीतरी खूप वापरलेला.

मनात शंकेची पाल चुकचुकली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या पाळ्या बदलतात, बरेचदा दुपारी तो घरी एकटाच असतो. दोघांनी घरच्यांशी भांडून लग्न केलेलं. आमचे मामा तर तेव्हाच म्हणाले होते, 'परत आलीस तर दार उघडणार नाही.' हा संसार मोडला असता तर सुतळीला जायला जागा नव्हती. म्हणून तिने पहिल्यांदा तोंड शिवून घेतलं.

पण संशय काही मुकाट बसतो का? ती त्याचे खिसे तपासायला लागली. शर्टाची कॉलर हुंगायला लागली. डोळ्यांत तेल घालून घर बघायला लागली.

दुसरा आकडा न्हाणीघरात मिळाला. तिसरा तिच्याच पिनांच्या डबीत...

तिसऱ्याला बांध फुटला. तिने आकडा त्याच्या ताटाशेजारी आपटला.

"कोणाचा हा?"

"मला काय माहीत? तुझाच असेल."

"माझा? मी आकडे वापरते? लग्न होऊन इतके दिवस झाले, बायकोच्या डोक्यात काय असतं तेही बघितलं नाहीस?"

"बघितलंय," तो शांतपणे म्हणाला. त्याने घास खाली ठेवला. "तुझं डोकं मी रोज बघतो. मागून. आता तू मला सांग, मागचे केस कोण बसवून देतं?"

"मीच बसवते."

"खोटं बोलू नकोस. आपल्या पाठीमागे इतकं सरळ काम कोणाला करता येतं? मी हातांनी पोट भरणारा माणूस आहे, दुसऱ्याच्या हातचं काम ओळखता येतं मला. शुक्रवारी मी कामावर असतो तेव्हा तू कोणाकडे जातेस? त्या ॲकॉर्डियनवाल्याकडे?"

"चोराच्या उलट्या बोंबा! केसाने गळा कापलास माझा, आणि वर मलाच विचारतोस?"

त्या रात्री दोघांच्या मध्ये उशी होती.

आणि आला पुढचा शुक्रवार.

उन्हं अजून खिडकीत होती. खालून रंगाच्या दुकानातल्या मिक्सरची घरघर येत होती. नवऱ्याला बोलावणं आलं होतं, कुठल्याशा इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. तो गेला. सुतळीने आतून कडी घातली आणि आरशासमोर बसली.

पुढचं झालं. बाजूचं झालं. मागच्या बटा घ्यायला तिने मान खाली घातली आणि डोळे मिटले. डोळे मिटले की बोटांना जास्त कळतं, असं तिचं म्हणणं.

एक बट गुंडाळली. डाव्या हाताने धरून ठेवली. उजवा हात मागे पसरला.

पीन हातात आली. खोचली.

दुसरी बट. हात पसरला. पीन आली. खोचली.

तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. नवऱ्याशी आज काय बोलायचं, कसं बोलायचं, आधी रडायचं की आधी ओरडायचं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी एकमेकींना अशाच पिना द्यायचो, त्यामुळे हात आपोआप मागे जात होता. बट, हात, पीन. बट, हात, पीन...

बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं.

पिनांची डबी तिच्या मांडीत होती.

तिचा हात मागे पसरलेलाच राहिला. खालचा मिक्सर बंद पडला होता. खोलीत काहीच आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा नाही.

"आलास का रे तू?" तिने विचारलं.

...आणि तळहातावर काहीतरी अलगद टेकलं. जाड. झिजलेलं. कोमट, कोणाच्या तरी दातांत धरलेलं असावं तसं.

ती किंचाळत उठली. मागे कोणीच नव्हतं. पलंग, भिंत, दार. दाराला आतून कडी तशीच. तिने मानेवर हात फिरवला. वेटोळी एका ओळीत उजवीकडे, दुसऱ्या ओळीत डावीकडे. आणि प्रत्येकात आकडे.

नवरा आला तेव्हा ती जिन्यात बसलेली होती, अर्धं डोकं ओलं. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग हसला. ते हसणं तिला फार लागलं.

"पकडली गेलीस म्हणून आता भूत आणलंस का घरात?"

"तुझी शपथ. माझ्या गळ्याची शपथ."

"मी रविवारी भावाकडे जातोय. सामान नंतर नेईन."

सुतळीने त्याचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी एवढंच मागितलं. उद्याचा कार्यक्रम सोडते, दुपारी मी पुन्हा केस बसवते. तू माझ्या मागे उभा राहा. काही दिसलं नाही तर खुशाल जा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण संसार बुडायला आला की माणूस काडीलाही धरतं.

शनिवारी दुपारी तो पलंगाच्या कडेला उभा राहिला. हाताची घडी. चेहऱ्यावर कंटाळा. लख्ख उजेड होता.

तिने मान खाली घातली. डोळे मिटले. बट गुंडाळली. हात पसरला.

काही नाही.

पुन्हा पसरला.

काहीच नाही. हात रिकामा. रंगाचं दुकान, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कसं रोजच्यासारखं.

"ये ना," ती पुटपुटली. जिला भिऊन ती आदल्या दिवशी जिन्यात बसली होती, तिलाच आता बोलावत होती. "अगं, एकदा तरी ये..."

डोळ्यांतून पाणी आलं. मागून त्याने निःश्वास सोडला. "पुरे कर," तो म्हणाला, पण आवाज मऊ होता. त्याला तिची कीव आली असावी. "ऊठ. नको रडूस. बरं, दे इकडे, मीच बसवतो."

त्याने तिच्या हातून कंगवा घेतला.

तिला इतकं बरं वाटलं! रागावला का असेना, त्याने केसांना हात लावला होता. तो जात नव्हता. तिने मान आणखी खाली घातली.

कंगव्याच्या टोकाने भांग पडला. सरळ. बट उचलली गेली, ताणली गेली, गुंडाळली गेली. अंगठ्याने वेटोळं दाबलं. खट्. दुसरी. खट्. तिसरी.

भराभर. एकही केस न ओढता...

सुतळीचं रडू हळूहळू थांबलं.

हा तिचा नवरा होता. याला सुईत दोरा ओवता येत नाही. याच्या बोटांना ग्रीसचे घट्टे आहेत. याने तिचे केस आजवर कुरवाळले होते, विंचरलेसुद्धा नव्हते.

उजवीकडे वळलेली ओळ संपली. डावीकडची सुरू झाली.

तिने डोळे उघडले आणि आरशात वर पाहिलं.

मागे तोच होता. एकटा. दुसरं कोणी नाही. ओठांत आकड्यांची रांग धरलेली, टोकं बाहेर. हात चालले होते. पण त्याची नजर केसांवर नव्हतीच. तो आरशातून तिच्याकडे बघत होता, डोळे फाडून, आणि घामाने निथळत होता. ओठ न हलवता तो कसाबसा म्हणाला,

"सुतळे... मी नाही करत आहे गं..."

खट्. खट्. खट्.

तिला उठता आलं नाही. उठावं तर केस त्या हातांत. शेवटची बट बसली, हातांनी तिच्या कपाळावरून मागे एकदा अलगद फिरून सगळं चाचपलं, आणि मग ते खाली पडले, वजन संपल्यासारखे.

तो भावाकडे गेला नाही.

पण खरी गोष्ट यापुढे आहे. संध्याकाळी तिने त्याला विचारलं तेव्हा तो चहा ढवळत म्हणाला, "मी असं कधी म्हणालो? तुला खूश करायला शिकलो होतो, झालं! कशाला तिळाचा ताड करतेस?"

"शिकलास? कुठे?"

"असंच. मोबाईलवर बघून."

"आणि आकडे?"

"तुझ्याच डबीत होते."

"बघून हात बसत नाही रे. कोणाच्या डोक्यावर शिकलास?"

तो कपबशी धुवायला आत निघून गेला.

त्यांनी घर बदललं. नव्या घरातही शुक्रवारी तोच तिचे केस बसवतो. ती नको म्हणाली तरी बसवतो. वाद्यवृंदातल्या बायका म्हणतात, नवरा असावा तर असा. मामांनीही आता दार उघडलंय, जावयाचं कौतुक करतात. सगळं छान चाललंय.

मी गेल्या महिन्यात गेले होते. सुतळीने हे सगळं सांगितलं तेव्हा तो दुकानात गेला होता. परत आल्यावर आमच्यासोबत गप्पा मारत बसला. चांगला माणूस आहे, खळखळून हसतो. पण हसता हसता त्याचा अंगठा तर्जनीवर गोल फिरत होता. एकदा उजवीकडे... एकदा डावीकडे. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मी माझी वेणी पुढे ओढून घेतली.

तो उठून गेल्यावर मी तिला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं गं? बाई होती, की... दुसरं काही?"

"बाई असती तर बरं झालं असतं," सुतळी म्हणाली. "बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटून हातात दिल्या असत्या आणि माझा नवरा परत आणला असता. आता तो घरातच आहे. कुठून आणू?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. ती जरा वेळ ऐकत राहिली.

"रात्री पाठीवर हात पडतो ना," ती म्हणाली, "तेव्हा मी झोपेचं सोंग घेते."