झालं म्हणायचं राहिलं

शेखर त्या दिवशी भातकुलीकडे निघाला होता, तो मेलेला माणूस शोधायला. हसू नका रे. तुम्ही शूटिंगची पोरं, तुम्हाला तरी कळायला पाहिजे. शॉर्ट फिल्म काढायची, स्पर्धेला पाठवायची, आणि शॉर्ट फिल्म म्हटली की तिच्यात कुणीतरी मेल्याशिवाय चालत नाही. बाकी सगळं जमलं होतं त्याचं. बापाच्या तिरडीपाशी भांडणारे दोन मुलगे मिळाले, रडणारी सून मिळाली, अमरावतीहून भाड्याचा कॅमेरा मिळाला. बापाचं काम करायला मात्र कुणी तयार होईना. एक वाक्य तोंडी नाही, वर अपशकुन. नाटकवाल्यांनी तर सरळ हात जोडले.

लाइट येईपर्यंत सांगतो. शेखर आमच्याच गल्लीतला, अकोल्याच्या जुन्या शहरातला. लग्नांची शूटिंग करून पोट भरायचा, आणि डोक्यात सिनेमा. पोरगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. माझ्या ओट्यावर बसून, मान खाली घालून त्यानंच मला हे सांगितलं. त्यामुळे यात माझ्या पदरचं काही नाही.

तर भातकुलीपासून आतल्या एका गावात त्याला खुशालराव भेटले. गावाचं नाव घेत नाही, माणसं आहेत अजून. खुशालराव म्हणजे वांगी-मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात विकणारा माणूस. सत्तरी गाठलेली, पण काटक. शेखरनं भीतभीतच विचारलं.

"मले काय करा लागन?" म्हातारा म्हणाला.

"काईच नाही काका. निस्तं पडून राहा लागते."

"अन बोलाचं?"

"मेलेला मानूस बोलते का?"

"हे बी बराबर हाय." खुशालरावांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "गोदे, ऐकलं का? मी पिक्चरात हाय!"

आतून गोदाबाईंचा आवाज आला, "मराचा येवढा हरिक म्या कोनालेच पाह्यला नाही."

म्हाताऱ्यानं अख्ख्या गावाला सांगितलं. नातवाच्या वयाच्या पोरांना थांबवून सांगितलं. दाढी केली, धोतर धुतलं, आणि म्हणे चार दिवस घरात श्वास रोखायचा सराव केला.

शूटिंग होतं संक्रांतीच्या आदल्या रात्री. दोन वर्षं झाली. गावामागं नदीकाठाला बाभळीखाली तिरडी मांडली, खुशालरावांच्या नाकाकानात कापसाचे बोळे घातले, वरून कोरं कापड. उजेड गाडीच्या हेडलाइटचा, दुसरा आणणार कुठून? गावातली पन्नासेक माणसं बघायला आली होती. पहिले दोन शॉट बरे गेले. तिसऱ्याला ऐन रडारडीत मढं शिंकलं.

गाव हसलं. सून हसली. शेखरचं मात्र डोकं फिरलं. कॅमेऱ्याचं भाडं तासावर चालू होतं, बॅटरी उतरत होती. तो सगळ्यांसमोर ओरडला, "मेलेला मानूस शिंकते का? येवढं एक काम देल्लं, पडून राहाचं, थेबी जमत नाही तुमाले?"

खुशालराव उठून बसले. हात जोडले. इतका वेळ त्याला बाबू बाबू म्हणणारा म्हातारा म्हणाला, "चुकलं साहेब. आता नाही हालत. तुमी झालं म्हना, तवाच उठतो."

ते 'साहेब' शेखरला लागलं. पण माफी मागायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. म्हणाला, "हाव. मी झालं म्हनेपरेंत हालाचं नाही."

त्या रात्रीचा शेवटचा शॉट लांबून होता. मुलगे लाकडं आणायला गेले आहेत आणि बाप एकटा पडला आहे, असा. कॅमेरा पार पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर. थंडीनं गावकरी केव्हाच घरी गेले होते. कॅमेरा चालू झाला. म्हातारा खरंच हलला नाही. शेखर मनात म्हणाला, वा.

आणि वारा सुटला. टपोरे थेंब पडायला लागले. अवकाळी. मग काय, कॅमेरा वाचवा, लेन्स वाचवा! शेखरनं अंगातलं जर्किन काढून कॅमेऱ्याला गुंडाळलं. स्टँड, पेट्या, वायरी, सगळं टॉर्च मारून पाहिलं. काही राहिलं का? काही नाही. गाडी वळली, हेडलाइट वळले, आणि बाभळीखाली अंधार झाला.

मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा शेखरच्या हातातला कप तिथंच राहिला. मी झालं म्हटलं का?

नव्हतं म्हटलं.

त्यानं फोन काढला. नंबर समोर होता. पण रात्र फार झाली होती, आणि काय बोलायचं? काका, तुम्हाला तिथंच विसरलो? म्हातारा काय खुळा आहे, थेंब पडल्यावर गेला असेल उठून. तेवढ्यात प्रणालीनं, म्हणजे त्याच्या असिस्टंट पोरीनं विचारलं, "शेखरदादा, काकांना घरी कोणी सोडलं?"

"मी सोडलं," शेखर म्हणाला. फोन खिशात ठेवला.

सकाळी गावातून फोन आला. खुशालराव तिरडीवरच गारठून गेलेले सापडले होते. कापड अंगावर तसंच. हातपाय सरळ. कानातले बोळे कानात.

शेखर धावत गेला. जाताना त्यानं ठरवलं होतं, पायावर डोकं ठेवायचं आणि सांगून टाकायचं. पण अंगणात शिरतो तोच कुणीतरी म्हणालं, "तुमी तं घरी सोडलं होतं म्हने यायले?" प्रणालीनं फोनवर तसंच सांगितलं होतं. शेखरनं मान हलवली. नुसती मान.

तेवढ्यानं काय झालं बघा. गावानं आपली गोष्ट जुळवून टाकली. म्हाताऱ्याले पिक्चरचं येड लागलं होतं, पोट्टे गेल्यावर पुन्हा जाऊन निजला तिरडीवर! राखेच्या दिवशीसुद्धा लोक तोंडावर उपरणं धरून हसले. एखाद्याचं मरण थट्टेवारी नेण्याइतकं वाईट काही नाही, आणि शेखर तिथंच खाली मान घालून उभा होता.

गोदाबाई रडल्या नाहीत. शेखरला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "घरी आले असते तं भाकर खाल्ली असती, बाबा. झाकून ठेवली होती. सकाळी तशीच होती."

शेखरनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. आत्ता बोल, असं त्याचं मन म्हणत होतं. तोंड उघडलं नाही.

"पिक्चर झालं का मले दाव," गोदाबाई म्हणाल्या. "आधारकार्डावरचा सोडला तं एक फोटो नाही यायचा. मले एकडाव पाहाचे हायत."

मग त्यांचे फोन यायला लागले. झालं का रे बाबा? होऊन राहिलं, आई. शेखर फोन ठेवायचा आणि त्याला जेवण जायचं नाही. फिल्म पूर्ण करून त्यांच्या हातात ठेवली की फिटेल काहीतरी, असं त्यानं स्वतःला समजावलं. एकच शॉट उरला होता. धाकटा मुलगा एकटाच बापाच्या तिरडीपाशी रडतो, तो.

शिवरात्रीच्या आदल्या रात्री ते परत त्या बाभळीखाली गेले. या वेळी बघायला गावातलं कुणी आलं नाही. तिरडीवर निजायला कोण तयार होणार? कुटाराची, म्हणजे भुशाची, दोन पोती ठेवली, वर कापड टाकलं. श्याम, धाकट्या मुलाचं काम करणारा, जवळ बसला. प्रणाली बाजूला. शेखर कॅमेऱ्यामागं.

वारा होता. बाभळीच्या फांद्या हलत होत्या. श्यामचा शर्ट फडफडत होता.

शेखरनं कॅमेऱ्यातून पाहिलं. शॉट छान होता. श्याम खराखुरा रडत होता. तरी काहीतरी चुकत होतं... त्याला कळेना. फांद्या हलतात. गवत हलतं. शर्ट हलतो.

कापड हलत नव्हतं.

एक टोकसुद्धा नाही. एवढ्या वाऱ्यात.

श्याम रडायचा थांबला. कापडाकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "शेखरभाऊ... याच्यात पोतेच ठेवले ना आपन?"



शेखर कॅमेरा सोडून निघाला.   जवळ गेला.

पोती कुठं होती?... कापडाखाली नाक होतं. हनुवटी होती. टोकाला दोन पावलं, उभी.

श्याम मागं सरकला. शेखर गुडघ्यावर बसला.

नाकावरचं कापड जरासं आत गेलं... आणि तिथंच थांबलं. श्वास धरून ठेवावा तसं.

मग कापडाखालून आवाज आला. ओठ न हलवता बोलल्यासारखा. दबका. काळजीचा.

"हाललो तं नाही ना... साहेब?"

शेखरला रडू फुटलं. भीती कुठल्या कुठे गेली, असं तो मला म्हणाला. नुसती लाज वाटली. इतकी लाज की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"नाही काका," तो म्हणाला. "नाही हालले तुमी. म्याच सांगतलं नाही. म्या तुमाले इथंच टाकून गेलो, काका. घरी सोडलं म्हनून खोटं बोललो. तुमचं काईच चुकलं नाही..." त्याला शब्द सापडेना. मग सापडला. "झालं काका. लय चांगलं झालं. उठा."



कापड हळूहळू खाली बसलं. मग वाऱ्यानं त्याचं एक टोक उडालं, दुसरं उडालं. खाली कुटाराची पोती होती.

मागं प्रणाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तू सोडलं म्हणाला होतास," एवढंच ती म्हणाली.

उजाडल्यावर शेखर गोदाबाईंच्या दारात गेला. लॅपटॉप काखेत होता. उंबऱ्याबाहेरच त्यानं बोलायला सुरुवात केली, तर गोदाबाईंनी हात वर केला.

"इथं नोको सांगू. मले भाकरीनंच सांगतलं होतं. पारावर चाल. ज्यायनं ज्यायनं हासलं, त्यायच्यापुढं सांग."

पारावर सकाळची माणसं होती. शेखरनं सगळं सांगितलं. शिंकल्यावर ओरडलो ते, झालं म्हणायचं राहिलं ते, मूर्तिजापूरला फोन काढून परत ठेवला ते, मान हलवली ते. एक जण त्याच्या अंगावर धावून आला. बाकीच्यांनी खाली बघितलं. हसलेले तेही होतेच ना.

"मारू नोका त्याले," गोदाबाई म्हणाल्या. "मंग तवाच कावून नाही सांगतलं रे?"

शेखरनं काखेतला लॅपटॉप पुढं काढला. 

"बरं. आता दाव मले. पाहू दे."

त्यानं लॅपटॉप पारावर ठेवला. संक्रांतीच्या आदल्या रात्रीचं शूटिंग लावलं. हे त्यानं पन्नास वेळा पाहिलेलं होतं. गोदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पुढं वाकल्या.

दोन मुलगे भांडत होते. सून रडत होती. बाभळीवर हेडलाइटचा उजेड होता. मध्ये तिरडी होती...

तिरडीवर कुणी नव्हतं.

शेखरनं दुसरा शॉट लावला. तिसरा. लांबून घेतलेला. घाईघाईनं सगळे लावले. सगळ्यांत रिकामी तिरडी. तिच्यापाशी मुलगे हंबरडा फोडत होते, सून कवटाळायला वाकत होती, आणि तिच्या हातात काही येत नव्हतं.  शेखरला वाटलं, संपलं. एवढी एक गोष्ट मागितली होती या बाईनं, तीही मी देऊ शकलो नाही. तो लॅपटॉप मिटायला गेला.

"थांब," गोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिरडीच्या उशाशी कोरं कापड होतं. चार पदरी, काठाला काठ लावून, वर हात फिरवून बसवल्यासारखी घडी. त्या रात्री ती घडी कुणी घातली नव्हती.

"हे त्यायचीच," गोदाबाई म्हणाल्या. "उठले का पह्यले गोधडीची घडी करत. मंगच भाईर जात."

त्यांनी ती घडी पुष्कळ वेळ पाहिली. मग पदर सावरला आणि घराकडे चालू लागल्या.