चुंबनाच्या आधीची जाहिरात

बाहेर बारीक झिमझिम लागली म्हणून ब्रॉनी सनशाईन उपनगराच्या स्टेशनासमोरच्या पास्तित्सीच्या, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पॅटिसच्या, दुकानात शिरली, तर आत तिच्याच नावाने खडे फोडणं चाललं होतं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच.

काउंटरच्या अलीकडे रोजच्या गिऱ्हाईक कारमेना मावशी, पलीकडे दुकानाचा तरुण मालक डॅमियन. काल मालिकेतले नायक-नायिका अगदी जवळ आले, आता चुंबन घेणार, तेवढ्यात जाहिरात... आणि जाहिरातीत हा, ट्रे घेऊन हसणारा.

"तुझं थोबाड बघायला मी आठवडाभर थांबले होते का रे?" मावशींचा पारा चढला होता.

डॅमियन समजावून थकला. जाहिरात त्याची, आपल्या उपनगरापुरती दाखवायला दिलेली; पण ती कुठे घुसवायची ते मालिका ऑनलाईन दाखवणारी कंपनी ठरवते. "ती कातर चालवणारा एकदा भेटू दे मला," म्हणत तो ब्रॉनीकडे वळला. "तुला काय देऊ?"

कातर चालवणारीने चीजची पास्तित्सी मागितली, घाईघाईने चावा घेतला आणि जीभ पोळून घेतली.

"अगं, जरा थांबायचं की."

"मी लोकांना थांबवते," ती डोळे पुसत म्हणाली. "मला स्वतःला नाही जमत..."

ब्रॉनीचं कामच ते. मालिकेत श्वास अडकेल अशी जागा शोधायची आणि तिथे जाहिरात टाकायची. तिथून कुणी उठत नाही, आणि शेवटपर्यंत पाहिलेल्या जाहिरातीचेच कंपनीला पैसे मिळतात. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण आता गुरुवार, मालिकेच्या भागाचा दुसरा दिवस, आला की तिचे पाय आपोआप दुकानाकडे वळू लागले. डॅमियन तिच्यासाठी एक पास्तित्सी आधीच काढून निवत ठेवायचा. ती प्रेमात पडली होती, आणि त्याच्याशी खोटं वागत होती. दोन्ही तिला कळत होतं.

"लोक मला बघून चिडतात," एकदा तो म्हणाला. "भूक लागायची सोडून. शेवटच्या भागातही असंच झालं, तर जाहिरात बंद."

शेवटच्या भागात डॅमियनची जाहिरात ब्रॉनीने चुंबनाच्या नंतर टाकली.

"चुंबन झाल्यावर कोण बसतंय?" तिची वरिष्ठ फिलिपा दिवसभर गाल फुगवून होती.

"बसतील," ब्रॉनी म्हणाली.

बसले. दुसऱ्या दिवशी दुकानाची रांग फुटपाथपर्यंत आली होती. गर्दी ओसरेपर्यंत ब्रॉनी कोपऱ्यात उभी राहिली. थांबणं तिला पहिल्यांदाच जमलं.

"डॅमियन, ती कातर... माझी होती."

"माहीत आहे."

त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट केलं. कंपनीचं नाव, तिचं नाव, तिचं काम. इतके दिवस ते गळ्यात मिरवतच ती येत होती.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस." तो हसला. "त्यापेक्षा मावशींची बोलणी परवडली."

तिने ओळखपत्र काढून खिशात कोंबलं. तो काउंटरवरून पुढे झुकला, तीही... आणि दाराची घंटा वाजली.

कारमेना मावशी दारात उभ्या. दोघांकडे एकवार पाहून त्यांनी दारावरची पाटी 'बंद'वर फिरवली, बाहेर गेल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"चालू द्या," त्यांनी बाहेरूनच सांगितलं. "आज मध्ये कुणी येणार नाही."