दोन पातळ कागदांचा एक

भूगोलाचे सर स्वतःच्याच घराच्या जिन्यात पायरी चुकले, म्हणून कोरियाच्या सहलीला चित्रकलेचे सर आले. परिपत्रकात 'कोरियन संस्कृती आणि प्रत्यक्ष विज्ञान' असं लिहिलेलं होतं. संस्कृती सरांकडे आली. विज्ञान बाईंकडे होतंच, मिनिटामिनिटाच्या वेळापत्रकासकट.

वर्षभर एका शाळेत असून दोघं धड बोलले नव्हते. प्रयोगशाळा तळमजल्यावर, चित्रकला तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे अख्खं गणित. पहिली भेट म्हणायची ती विमानतळावरच्या रांगेतली. बाईंची बॅग वजनात चार किलो जास्त भरली, कारण आत अठ्ठावीस मुलांसाठी अठ्ठावीस भिंगं आणि तितक्याच लोखंडी मोजपट्ट्या.

"माझ्या बॅगेत टाका," मागून आवाज आला. "मी फक्त ब्रश आणि कपडे आणलेत."

"कपडे किती?"

"ब्रश जास्त आहेत," सर म्हणाले.

बाई लाल झाल्या. त्यांचा चेहरा मनातलं काही लपवत नसे, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे लिटमस म्हणत. मुलांचं हे विज्ञान पक्कं होतं.

मात्र निघताना मावशीने बाईंकडून वचन घेतलं होतं. एक स्थळ आलं होतं, सर्व बाजूंनी निर्दोष. आठ दिवसांत हो की नाही ते कळवायचं. निर्दोष वस्तूला नाही म्हणायला कारण लागतं, आणि बाईंपाशी कारण नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ते कारण बसमध्ये शेजारच्या सीटवर बसू लागलं. पण कारण स्वतःहून काही बोलेल तर ना... सर खिडकीबाहेर पाहत, वहीत रेघा मारत, आणि बाई पाहत नसताना बाईंकडे पाहत. बाई पाहत नसतानाचं बाईंना कसं कळे, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी हातकागदाचा कारखाना होता. लांब, बुटकी खोली. लाकडी हौद, उकडलेल्या सालीचा ओला वास, आणि पन्हळीवरून गळणारा बारीक, समजूतदार पाऊस. कागद करणाऱ्या म्हातारबुवांनी आधी सगळ्या मोठ्यांची वयं विचारली. दुभाषी मुलगी म्हणाली, "राग मानू नका. आमच्याकडे वय कळल्याशिवाय कुणाशी कसं बोलायचं तेच ठरत नाही." बाईंनी एकतीस सांगितलं. सरांनी अठ्ठावीस.

तीन वर्षं. बाईंना वजाबाकी चांगली येत होती, आणि त्या क्षणी तिचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी मुलांना शिकवायला घेतलं. सालीचे तंतू पाण्यात सुटे होतात, एका रोपाच्या मुळीच्या बुळबुळीत रसाने सारखे पसरतात, चौकटीवर येतात. एक पोरगी म्हणाली, बाई, गोंद कधी घालायचा?

"गोंद लागत नाही. ओले तंतू जवळ आले की एकमेकांना धरतात. पाणी गेलं की धरलेलं सुटत नाही."

"नुसतं जवळ यायचं?" हे मागच्या रांगेतून सरांनी विचारलं. शंका अभ्यासक्रमाबाहेरची होती. अठ्ठावीस भिंगं लिटमसकडे वळली.

म्हातारबुवांची पद्धत अशी होती की चौकट हलवताना कागद एका कडेला जाड होतो, दुसऱ्या कडेला पातळ. म्हणून दोन ओले कागद उलटसुलट रचायचे, एकाच्या जाड कडेवर दुसऱ्याची पातळ. दोन्ही मिळून एक कागद. मग कडेला दोरा ठेवायचा आणि त्यावर पुढची जोडी, म्हणजे नंतर जोड्या सुट्या करता येतात. जोडीजोडीने काम होतं. मुलांनी कमालीच्या निरागसपणे बाई आणि सरांना एका हौदावर सोडलं.

बाईंनी आपला कागद पाटावर उतरवला. सरांनी चटकन त्याच्या कडेला दोरा ठेवला आणि वर आपला कागद अलगद पसरला.

बाईंनी दोरा पाहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. वय ऐकल्यावर माणसाने दिलेलं उत्तर याहून स्वच्छ काय असणार? त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

म्हातारबुवा मात्र हसायला लागले. दुभाषी म्हणाली, "ते म्हणतात, दोरा दोन कागदांच्या मधे. हा तर एकच कागद आहे."

सरांनी खाली पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. लिटमस आता दोन होते. त्यांच्या वर्गात ओली चित्रं एकमेकांना चिकटणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. आधीच्या शाळेपासून, चार वर्षं ते ओल्या चित्रांच्या मधे दोरा ठेवत आले होते. हाताने सवयीने तेच केलं, हे त्यांनी अडखळत सांगितलं.

"आणि मला वाटलं... वय ऐकलंत म्हणून."

"वय मला पहिल्याच आठवड्यात माहीत होतं," सर म्हणाले. "शिक्षकखोलीत सेवाज्येष्ठतेची यादी लावलेली असते. जन्मतारखेसकट."

"ती यादी कुणी वाचत नाही."

"मी एकच ओळ वाचली."

पाऊस गळत राहिला. मुलं इतकी शांत झाली की शाळेत असती तर मुख्याध्यापक धावत आले असते. सरांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि श्वास रोखून, कागद न फाडता, तो तसूतसूने बाहेर ओढला.

"मावशींना काय कळवणार आहात?" त्यांनी विचारलं. ही बातमी त्यांना कुणी दिली हे अठ्ठावीस जणांपैकी एकानेही कबूल केलं नाही.

"तुम्ही काय सांगता त्यावर आहे."

"मी सांगतोय की... नाही कळवा. आणि कारण म्हणून माझं नाव घाला."

कारखान्याच्या कचेरीतून बाईंनी फोन लावला. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मुलाचं वय विचारलं. बाईंनी डोळे मिटून तीन वर्षांनी लहान असं सांगून टाकलं. पलीकडे इतका वेळ गेला, की सरांनी दाराची चौकट धरली.

"बरं," मावशी म्हणाली. "मग ऐकेल तरी."

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. सर ऐकतात, असा मावशीचा आजही समज आहे. बाईंनी तो कधी दुरुस्त केला नाही.