झील कोण देणार?

लाइट गेली ना? जाऊ द्या. आता तासभर काही येत नाही. मोबाईल पालथे घाला सगळ्यांनी, त्या उजेडात माझं बोलणं कोणी ऐकत नाही. मेघा, तू हस हवं तेवढं, शेवटी हसलीस तर मानेन. आणि मधेच उठून पाणी प्यायला जायचं नाही. ज्याला प्यायचं त्याने आत्ताच पिऊन घ्या.

ही गोष्ट शिरपूरच्या योगेंद्रची. माझ्या मेव्हण्याच्या शेजारीच त्याचं घर. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितली, आणि सांगता सांगता दोनदा उठून दाराची कडी बघून आला. थापा मारणारा गडी नव्हे तो. तोंडातून शब्द काढायला मारामार!

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची संध्याकाळ. आईने योगेंद्रला घागर आणायला बाजारात धाडलं होतं. तुम्हाला आखाजी म्हटलं की आमरस आणि सांजोऱ्या तेवढ्या आठवतात, पण खरी आखाजी घागरीची. गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरायची. त्या दिवशी ती माणसं दारी येतात, पाणी पितात आणि तृप्त होऊन जातात. ज्याच्या घरी त्या वर्षात कोणी गेलं, त्याच्या घरची ती पहिली घागर. तिला फार मान.

योगेंद्र बोटाने वाजवून वाजवून घागर पारखत होता, तेवढ्यात मागून हाक आली.

"योगेंद्रभाऊ..."

बघतो तर झुंबरबाई. तोतारामची बायको. कमरेवर घागर घेतलेली आणि शेजारी तिची पोरगी, सुलक्षणा. असेल आठवी-नववीतली.

हा तोताराम म्हणजे जवळच्याच एका गावचा वहीगायक. डफावर कानबाई देवीच्या वह्या म्हणायचा. वही म्हणजे लिहायची नव्हे रे बाबांनो, आपल्याकडचं गाणं. एकाने ओळ म्हणायची आणि मागच्याने झील द्यायची, म्हणजे तीच ओळ वर उचलून धरायची. ओळ तोतारामची आणि झील जीवरामची. पोरवयापासून एका ताटात जेवलेले दोघे. एकदा एका सॅटेलाइट चॅनेलवर लोकगीतांच्या कार्यक्रमात झळकले. अख्खं गाव टीव्हीपुढे बसलं होतं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, हुकलं तर फोनवर बघ. एकदा लागलं की गेलं. पण योगेंद्रला भारी नाद! डिशच्या डब्यातून वायर काढून घरच्या कॉम्प्युटरला जोडलेली. आवडेल ते त्यात उतरवून घ्यायचा, मधल्या जाहिराती कापायचा आणि डिस्क बनवून ठेवायचा. लोक त्याला हसायचे, पण तोतारामचा तो कार्यक्रम साऱ्या मुलखात त्याच्याकडेच होता.

आणि त्या आखाजीआधीच्या थंडीत तोताराम गेला. कापूस वेचता वेचता छातीत कळ आली, बांधावर बसला, तो उठलाच नाही.

झुंबरबाई म्हणाली, "भाऊ, उद्या त्यासनी पहिली घागर शे. पोर आज्जून रडस. तिले एकदाव त्यासना आवाज ऐकू द्या. ते टीव्हीवालं तुमनाकडे शे ना?"

योगेंद्रने हातातली घागर खाली ठेवली.

"वहिनी... पण तुम्हीच ना ते पुसून टाका म्हणालात?"

"मी?" बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मी असं कसाले सांगसू, भाऊ?"

काय झालं होतं सांगतो. तोतारामचं तेरावं उरकलं आणि जीवराम योगेंद्रच्या घरी आला. योगेंद्र आणि जीवराम, शाळेत एका बाकावर बसलेले दोघे. डोळे पुसत म्हणाला, "योग्या, वहिनीच्याने बघवत नाही रे. म्हणते, त्यांना त्या कार्यक्रमातून काढून टाका. माझी झील तेवढी राहू दे, आठवण म्हणून. आणि मूळचं पुसून टाक बाबा. पोरीने बघितलं तर वेडी होईल ती." आता तुम्हीच सांगा, वर्षाच्या आत, दुःखाच्या घरी जाऊन त्या बाईला 'खरंच का हो?' असं कोण विचारतं? आपल्याकडे नाही विचारत. मयताच्या घरचा निरोप जवळच्या माणसाने आणला की तो खराच धरायचा. योगेंद्रनेही धरला. बसून तोतारामची एकेक ओळ कापली, झीलला झील जोडली आणि मूळचं पुसलं. एका दुःखी बाईचं काम केलं, असं वाटलं होतं बिचाऱ्याला.

त्याने झुंबरबाईला काही सांगितलं नाही. "सकाळी घेऊन येतो, वहिनी," एवढंच बोलला. आणि कोपऱ्यावर जाऊन जीवरामला फोन लावला.

जीवराम आधी 'हां, हां' करत राहिला. मग म्हणाला, "आता लपवून काय करू? मला बाहेरगावच्या कार्यक्रमाचं बोलावणं होतं. एकट्याला. त्यांना दाखवायला पाहिजे होतं ना, गाणारा मीच म्हणून?"

"अरे, पण वहिनीचं नाव घेऊन?"

"जन्मभर त्याच्यामागे झील ओढली मी! कधी कोणी माझं नाव घेतलं? तोताराम आला, तोताराम गायला. मी कोण? डफाची दोरी?"

"आणि माझ्या हाताने करवलंस तू हे, जीवराम?"

"मग? मला कुठे कॉम्प्युटर येतो?"

आणि हसला तो. योगेंद्र मला म्हणाला, "नाना, बाकी सगळं मी गिळलं असतं, पण त्याचं ते हसणं नाही गिळता आलं." केसाने गळा कापला हो त्याचा. ज्याच्याबरोबर पाटी पुसली, त्यानेच एका मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्याकडून पुसून घेतला. घरी येईपर्यंत दोनदा गाडी थांबवून रडला गडी.

ती रात्र वैशाखातल्या दुजेची. चंद्राची कोर जेवणं व्हायच्या आतच मावळलेली. घरचे सगळे गच्चीवर झोपलेले आणि खालच्या खोलीत हा एकटा. नवी घागर कॉम्प्युटरशेजारी टेकवलेली. कोरडी, अजून थेंब पाणी न पाहिलेली. पुसलेलं परत आणायच्या जेवढ्या खटपटी ठाऊक होत्या तेवढ्या त्याने करून बघितल्या. पण त्या जागेवर नंतर कितीतरी कार्यक्रम उतरवलेले. कुठून सापडणार? शेवटी उरलं होतं ते कापलेलं. तेच लावलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सॅटेलाइटवरून उतरवलेलं पाहिजे तिथे नेमकं कापता येत नाही. सांध्यावर जरासं उरतंच, पापणी लवेल एवढं. तर जीवरामची झील संपली की त्या सांध्यावर तोतारामचा श्वास उरला होता. ओळ घ्यायच्या आधीचा. नुसता श्वास.

योगेंद्रने तो पुन्हा लावला.

श्वास... आणि "माय..."

हे मघाशी नव्हतं. त्याला वाटलं, आपलाच कान वाजला. पुन्हा लावलं.

"माय कानबाई वो..."

अरे! त्याला आधी आनंदच झाला हो. येतंय, परत येतंय! कसं, काय, काही विचार नाही. घाईघाईने रेकॉर्डिंग सुरू केलं, जे येईल ते नव्याने उतरवून घ्यायला. आणि पुन्हा लावलं.

"माय कानबाई वो, मना दारे ये..."

पुरी ओळ. पडद्यावर तोताराम. अख्खा. तोच गुलाबी फेटा, तोच डफ.

आता झील यायला हवी.

झील आली नाही.

जीवराम उभा राहायचा ती जागा मोकळी. मागचा पडदा तेवढा दिसतोय. तोतारामने मान उजवीकडे वळवली. त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. आणि थांबला.

थांबला...

मग सावकाश मान फिरवली. समोर. योगेंद्रकडे.

आणि लाइट गेली.

कॉम्प्युटर बंद. पंखा बंद. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

आणि त्या अंधारात ओळ आली.

"...मना दारे ये..."

स्पीकरमधून नाही. मागून. दाराकडून.

मग गप्प. कोणीतरी वाट बघतंय, असं गप्प.

योगेंद्रला ती झील तोंडपाठ होती. स्वतः कापून जोडलेली. त्याने तोंड उघडलं... आवाज फुटेना. सांगायचं होतं, तोतारामभाऊ, मला फसवलं हो. मी नाही... मला फसवलं. तेही बाहेर पडेना.

पुन्हा ओळ. आता जवळून.

पुन्हा गप्प.

घागर वाजली. शेजारची. कोरडी. कोणीतरी बोटाने पारखावी तशी...

टक्.

...टक्.

मग काहीच नाही.

मेघा, हसत का नाहीस गं? बरं, सरक इकडे.

लाइट आली तेव्हा फटफटलं होतं. योगेंद्र खुर्चीवर तसाच, घामाने चिंब. मधेच लाइट गेली तर असलं रेकॉर्डिंग हाती लागत नाही, पण ते होतं. सगळं. उघडून बघायची छाती झाली नाही. तसंच डिस्कवर चढवलं, मोटरसायकल काढली आणि थेट झुंबरबाईचं घर गाठलं.

तिथे घागर भरून झाली होती. वर खरबूज ठेवलेलं, पुढे पुरणपोळीचं पान. भाऊबंद जमलेले. आणि सगळ्यांच्या पुढे कोण बसलेलं? जीवराम! तोतारामच्या जिवाभावाचा ना तो! उपरणं घेऊन, तोंड पाडून. त्याने योगेंद्रच्या हातात डिस्क बघितली आणि भर लोकांत बोलून गेला, "ते तर तू पुसलं होतंस ना?"

झुंबरबाईने मान वर केली. समजली ती.

डिस्क लावली. तोतारामने ओळ घेतली. "माय कानबाई वो, मना दारे ये..." झुंबरबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. सुलक्षणा घागरीशेजारी बसलेली, डोळे टीव्हीवर.

ओळ संपली. तोतारामने उजवीकडे बघितलं. मोकळ्या जागेकडे. आणि थांबला.

गावाने तो कार्यक्रम बघितलेला. तिथे कोण उभा होता, सगळ्यांना ठाऊक. एकेक मान जीवरामकडे वळली. एका म्हाताऱ्या आबांनी म्हटलं, "दे ना रे झील. तो तुनासाठे थांबेल शे."

जीवरामने तोंड उघडलं. ओठ हलले... आवाज नाही. एकदा टीव्हीकडे बघितलं त्याने, एकदा झुंबरबाईकडे. बाई म्हणाली, "तुमले भाऊ समजनू मी." बस, एवढंच. तो उठला आणि चपला हातात घेऊन अनवाणीच निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून वही कोणी ऐकली नाही.

आणि तोताराम अजून थांबलेलाच. टीव्हीवरचा माणूस एवढा थांबतो का कधी? हात डफावर. मान उजवीकडे.

तेव्हा सुलक्षणाने झील दिली. बसल्या जागेवरून. बारीक आवाजात.

"दारे ये वो, दारे ये..."

तोतारामने पुढची ओळ घेतली.

अशी पुरी वही झाली. बाप ओळ म्हणतोय, लेक झील देतेय. घरात एकाचाही डोळा कोरडा नव्हता. शेवटची झील झाली आणि टीव्ही काळा झाला. झुंबरबाईने घागरीला हात जोडले.

योगेंद्र ती डिस्क घेऊन घरी आला. म्हटलं, आणखी दोन बनवून ठेवू, पुन्हा असला घात नको. दिवेलागणीला त्याने ती लावली.

तोतारामने ओळ म्हटली. उजवीकडे बघितलं नाही. समोर बघत राहिला.

आणि झील आली.

पोरीच्या आवाजात.

आता बघा, एकदा बनवलेल्या त्या डिस्कवर पुन्हा काही चढत नाही. कोणालाही विचारा. ती डिस्क योगेंद्रने पहाटे बनवली होती. आणि सुलक्षणाने झील दिली, ती त्यानंतर.