दुसरा भाग

बाबांना गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी घातली होती, आणि कॉलेज सोडल्यापासून धाकटीला काही उद्योग नाही हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणून रविवारी सकाळी स्टिअरिंगमागे धाकटी, शेजारी बाबा, आणि बाबांच्या मांडीवर एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग.

दुसरा भाग त्यांना तरुणपणापासून मिळाला नव्हता. "तो वाचल्याशिवाय मी मरत नाही, निश्चिंत राहा," हा त्यांचा जुना विनोद. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून आईला त्यावर हसू येत नसे. बाबांना मात्र तो आणखीच आवडायला लागला होता. म्हातारी माणसं असल्या बाबतीत निर्दय असतात.

"सुरू केलेलं शेवटाला न्यावं माणसानं," बाबा रस्त्यात म्हणाले. "पुस्तक असो, की कॉलेज."

"झालं सुरू?"

"मी सर्वसाधारण बोलतोय."

दोघं निघाले होते ते गाव म्हणजे जुन्या पुस्तकांची दुकानं आणि मध्ये मध्ये नाइलाजानं राहणारी माणसं. बेकरीत पुस्तकं, बंद पडलेल्या थिएटरात पुस्तकं, कुणाच्या तरी गोठ्यात पुस्तकं. बाबा प्रत्येक दुकानात शिरत, उभ्या उभ्या चार-चार पानं वाचत आणि मालकाला न विचारता व्याख्यान देत. धाकटी दारात उभी राहून जांभया देई. दुपार कलली तरी त्यांचं पोट भरेना. "अगं, एवढं शेवटचं दुकान," हे ती सकाळपासून ऐकत होती.

खरोखरच शेवटचं दुकान गावाच्या टोकाला होतं. लांबट, बुटकं, पूर्वी कसलं तरी गोदाम असावं. आत एक म्हातारी स्वेटर विणत बसलेली. फळ्यांवर विषयांच्या चिठ्ठ्या नव्हत्या.

"कादंबऱ्या कुठे?" बाबांनी विचारलं.

"इथे तसं लावत नाही. ज्या घरातनं आली, त्या घरासारखी लावतो. हे डॉक्टरांचं घर. ते एका शिक्षिकेचं. माणूस गेलं की पुस्तकं इथे येतात. घर मोडायचं नाही."

"वा!" बाबा म्हणाले आणि डॉक्टरांच्या घरात घुसले.

धाकटी वैतागून मागच्या खोलीकडे गेली. निदान तिथे व्याख्यान ऐकू येणार नव्हतं. बल्ब मिणमिणता होता. ओल्या कागदाचा वास होता, आणि त्याखालून हळूच दुसरा एक वास आला. वेदनाशामक मलम, बुटाचं पॉलिश, किंचित करपलेला चहा.

हा वास तिच्या घराचा होता.

समोरच्या कपाटातल्या एकूण एक पुस्तकाला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं. महिना संपला की बाबा पान फाडून पुस्तकाला घालत. आई त्या पानावर रोजचं दूध मांडत असे, त्यामुळे त्यांच्या घरातल्या थोर थोर ग्रंथांच्या पाठीवर आईच्या अक्षरातलं 'एक लिटर, एक लिटर' असे. या पुस्तकांवरही होतं. तिनं एक उपसलं. आतल्या पानावर मेणखडूनं काढलेला तीन पायांचा घोडा. तो तिनंच काढला होता, आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. हे पुस्तक आज सकाळी टीव्हीखालच्या फळीवर होतं. निघताना तिनं स्वतः त्यावरून गाडीची किल्ली उचलली होती.

कपाट गच्च भरलं होतं. फक्त खालच्या फळीवर एका जाड पुस्तकाची जागा मोकळी होती, आणि तिथे घडी घालून तयार ठेवलेलं कव्हर. चालू महिन्याचं पान. घरी भिंतीवर अजून टांगलेलं.

आजच्या चौकोनापर्यंत 'एक'. उद्यापासून 'अर्धा'. अर्धा, अर्धा, अर्धा, थेट महिनाअखेरपर्यंत. अक्षर आईचं.

घरात अर्धा लिटर दुधाचा चहा एकटे बाबा पीत.

"हे... हे कुणाचं घर?" तिनं विचारलं.

म्हातारी कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. सुया चालूच होत्या. "यायचंय अजून. काही घरं आधी जागा धरतात. एक पुस्तक वाचायचं राहिलंय म्हणे... ते वाचून झालं, की येईल."

आणि बाहेरून बाबा लहान पोरासारखे ओरडले, "सापडला! अगं, दुसरा भाग!"

ती धावत बाहेर आली. "नका घेऊ ते."

"का?"

"असंच."

"असंच! कॉलेज का सोडलंस, तर असंच. पुस्तक का नको, तर असंच. बाई गं, एवढं एक तरी मला धड करू दे."

तिनं मागे बोट दाखवलं. बाबा चरफडत मागे जाऊन आले. "काय बघायचं होतं? रिकामं कपाट?"

तिनं दुसऱ्यांदा जाऊन पाहिलं नाही. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती, आणि त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी पुस्तक घेतलंच. निघताना ते हात धुवायला गेले, तेवढ्यात तिनं गाडीत बसून शेवटचं प्रकरण मुळापासून फाडलं आणि घडी करून जीन्सच्या खिशात कोंबलं. अर्धवट सोडण्याबद्दल तिनं वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या. घ्या म्हणावं आता अर्धवट!

घरी पोचल्यावर तिनं आधी कॅलेंडर पाहिलं. पान जागेवर होतं, उद्याचा चौकोन कोरा.

बाबांचा संताप रात्री जेवताना उफाळला. त्यांनी अधूनमधून गाळत थेट शेवट गाठला होता. "शेवटची पानंच नाहीत! चोर लेकाचे! आता आणखी वीस वर्षं मरायची सोय नाही."

धाकटी हसली. इतकी, की आईनं काळजीनं तिच्याकडे पाहिलं. त्या रात्री ती कपडे न बदलता, खिशावर हात ठेवून झोपली.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा आई पेन घेऊन कॅलेंडरपुढे उभी होती.

"काय लिहितेस?"

"अर्धा. दूधवाल्यानं अर्धाच दिलं बघ. म्हणे, काल संध्याकाळी तुमच्याकडूनच निरोप आला, आजपासून अर्धं. बाईमाणूस होतं म्हणाला, वयस्कर. तू केला होतास का फोन?"

धाकटीनं खिशात हात घातला. खिशात लोकरीचा एक धागा होता. दुसरं काही नव्हतं.

"अहो," आईनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "चहा गार होतोय!"

आतून पान उलटल्याचा आवाज आला.

"आलो, आलो," बाबा खुशीत म्हणाले. "एकच पान राहिलंय."